चित्रांचे स्थलांतर

कचेरीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली फाईल उशिरा का होईना, पण वाचता येते. एखादे पान गहाळ असेल, शेरा दुर्बोध असेल. तथापि कागदावरचा मजकूर कागदावरच राहतो. संगणकावर रचलेल्या पानाला व चित्राला हा भरवसा कधीच लाभला नाही. तो का लाभला नाही, याचा शोध घेण्याची वेळ आमच्यावर गेल्या वर्षी आली. दिल्लीतील आमच्या मंडळाच्या १९९९ सालच्या स्मरणिकेची एकच छापील प्रत उरली होती आणि तिची सोळा पाने वाळवीने फस्त केली होती. सुदैवाने छापखान्याने त्या वेळी दिलेली तबकडी एका वृद्ध सभासदांच्या कपाटात सापडली. त्या सोळा पानांच्या सोळा फायली तिच्यावर होत्या, सर्व कोरलड्रॉ या आज्ञावलीत केलेल्या.

या विषयाचा आरंभ मोठा आशादायक होता. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अमेरिकेत अडोबी ही कंपनी स्थापिली आणि दोन वर्षांनी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा बाजारात आणली. कोणती रेषा कोठून कोठे जाते, कोणता रंग कोठे भरावयाचा, हे या भाषेत लिहिले की ती जाणणारे कोणतेही मुद्रणयंत्र तेच पान आपापल्या कुवतीप्रमाणे छापून देई. १९८५ साली ॲपलच्या लेझररायटर यंत्रात ती आली आणि त्याच वर्षी ऑल्डस कंपनीचे पेजमेकर निघाले. खिळे जुळविणाऱ्यांचे काम पाहता पाहता टेबलावर आले.

परंतु पोस्टस्क्रिप्ट ही छापण्याची भाषा होती, चित्र दुरुस्त करण्याची नव्हे. चित्रकार काम करतो तेव्हा ही ओळ अजून मजकूर आहे, हा रंग इकडून तिकडे विरळ होत जातो, ही आकृती त्या आकृतीच्या मागे दडलेली आहे, असे अनेक हेतू त्या चित्रात असतात. यंत्राला केवळ परिणाम कळला की पुरे. हे हेतू जपण्याचे काम प्रत्येक आज्ञावलीने आपल्या खासगी लिपीत केले. १९८७ साली इलस्ट्रेटर, १९८८ साली फ्रीहँड आणि १९८९ साली कॅनडातील ओटावा येथून कोरलड्रॉ, अशा तीन आज्ञावली निघाल्या. मौज अशी की, तिघींचा पाया एकच होता. रेनो या मोटारींच्या कारखान्यातील अभियंता पिएर बेझिए यांच्या नावाने ओळखली जाणारी वक्ररेषाच तिन्ही आज्ञावली काढीत. रेषा एक, पण तिची नोंद ठेवण्याच्या वह्या तीन, आणि कोरलने तर आपली वही बाहेरच्यांस कधी उघडून दाखविलीच नाही. देवघेवीसाठी ईपीएस हा पोस्टस्क्रिप्टचाच एक प्रकार वापरीत. त्यातून परिणाम पलीकडे पोहोचे, हेतू वाटेत गळत. २००० साली इलस्ट्रेटरमध्ये पारदर्शक रंग आले. पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता ठाऊकच नव्हती. त्यामुळे ईपीएस करताना एका सावलीचे अनेक तुकडे होत आणि ते पुन्हा सांधता येत नसत.

फ्रीहँडची कथा तर चटका लावणारी आहे. १९९४ साली अडोबी व ऑल्डस यांचे विलीनीकरण झाले, तेव्हा दोन्ही प्रतिस्पर्धी आज्ञावली एकाच घरात नकोत म्हणून अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने हरकत घेतली आणि फ्रीहँड तिच्या मूळ कर्त्यांकडे, अल्टसिसकडे परत गेली. पुढे ती मॅक्रोमीडियाकडे आली आणि २००५ साली अडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. जे टाळले होते ते अकरा वर्षांनी घडले; २००७ साली फ्रीहँडचे काम थांबल्याचे जाहीर झाले. तिच्यात आयुष्य घालविलेल्या चित्रकारांच्या फायली जणू निर्वासित झाल्या.

आपल्याकडील छापखान्यांत या अडचणीवर आणखी एक अडचण चढली होती. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ सालीच ठरले होते. पण त्या काळच्या चित्र-आज्ञावलींना जोडाक्षरे जुळविता येत नसत. म्हणून फाँट करणाऱ्यांनी काने, मात्रा, अर्धी अक्षरे असे सुटे भाग रोमन अक्षरांच्या जागी बसविले, आणि तेही प्रत्येकाने आपल्या क्रमाने. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की तुकोबांच्या जागी निरर्थक रोमन जंजाळ दिसे. यावर छापखान्यांनी रामबाण उपाय काढला होता: ‘कर्व्ह करून पाठवा.’ म्हणजे अक्षरांचे अक्षरपण काढून घ्यावे आणि त्यांना नुसत्या वक्ररेषा करावे. मग फाँट असो वा नसो, पान जसेच्या तसे दिसे.

कोरलची बंद वही अखेर बाहेरच्यांनीच उलगडली. लिबरऑफिसच्या स्वयंसेवकांनी लिबसीडीआर हे साधन तयार केले आणि २०१२ साली ते लोकांच्या हाती आले. त्याच्याच आधारे आम्ही इंकस्केप या विनामूल्य आज्ञावलीत ती तबकडी उघडली. चार पाने सुबक, नक्षीसह जशीच्या तशी दिसली. बारा पानांवर रोमन जंजाळ होते. आम्ही त्या बारांसाठी हळहळलो.

हळहळ चुकीच्या पानांसाठी होती. त्या बारा फायलींत फाँटचे नाव शिल्लक होते आणि प्रत्येक कळेची नोंदही. त्या फाँटचे कोष्टक मिळताच मजकूर युनिकोडमध्ये उतरू लागला. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी टंकित होई, युनिकोडमध्ये ती नंतर नोंदली जाते. रफाराचे नेमके उलट. तेवढे स्थानांतर हाताने तपासावे लागले, पण तीन आठवड्यांत बारा लेख शोधता येतील, सुधारता येतील असे जिवंत झाले. सुबक दिसलेली चार पाने कर्व्ह केलेली होती. त्यांत एकही अक्षर नाही, केवळ आकृत्या आहेत.

त्यांपैकी तीन पाने आम्ही कचेरीतून परतल्यावर पाहून पाहून टंकित केली आहेत. चौथ्यावर संस्थापक सभासदांची यादी आहे. तिच्यातील दोन आडनावे छापखान्यात चुकली असावीत असे वाटते. त्या घरांतील मंडळींना आम्ही पत्रे धाडली आहेत आणि उत्तराची वाट पाहत आहोत.