उसाचा डोळा आणि घड्याळाचे चाक

बारामती-इंदापूर भागातील मुले नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर होणारी उसाची लागण लहानपणापासून पाहतात. साखर कारखान्यांची यंत्रे बनविण्याबद्दल नावाजलेले वालचंदनगरही इंदापूर तालुक्यातच आहे. ऊस आणि यंत्र असे शेजारी ठेवले की प्रश्न पडतो: सजीव आणि यंत्र यांत नेमका फरक कोणता? युरोपातील तत्त्वज्ञ दीडशे वर्षे या प्रश्नाशी झगडत होते.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली मांडले की मन आणि जडद्रव्य ही दोन निराळी तत्त्वे आहेत. मन माणसाला आहे. प्राणी म्हणजे केवळ यंत्रे. शरीराला यंत्र मानण्याची ही रीत शरीरशास्त्राला फार उपयोगी पडली. ‘हृदय हा पंप आहे’ असे आपण वर्गात सांगतो, तेव्हा तीच रीत वापरतो.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याने १७१४ साली यात दुरुस्ती सुचविली. पितळी चाकाचा दाता मोडला तर हाती नुसते पितळ उरते. सजीवाचा मात्र लहानात लहान भागही रचनायुक्तच असतो. पुढे १७४० साली हॉलंडमध्ये त्रांब्ले याने डबक्यातील हायड्रा हा जीव कापून पाहिला. प्रत्येक तुकड्याचा पूर्ण हायड्रा झाला! यंत्राचे असे होत नाही. आणि प्राण्याला अविभाज्य आत्मा आहे असे म्हणावे, तर तो कोणत्या तुकड्यात गेला? दोन्ही पक्ष अडचणीत आले.

बारामतीत मोरोपंत (१७२९–१७९४) आयुष्याच्या उत्तरकाळात काव्यरचना करीत होते, त्याच सुमारास, १७९० साली, कांट याने उत्तराची दिशा दाखविली. घड्याळाचे एक चाक दुसऱ्याला फिरविते, पण दुसरे चाक घडवीत नाही. झाड पाने घडविते आणि पाने झाडाला पोसतात. येथे भाग आणि संपूर्ण एकमेकांची कारणे असतात. कांटने दिलेले एक उदाहरण आपल्या माळ्यांच्या नित्य परिचयाचे आहे: एका झाडाचा डोळा दुसऱ्यावर भरला, तरी तो आपल्याच जातीची फांदी देतो. तथापि गवताचे पातेही निव्वळ यांत्रिक नियमांनी उलगडून दाखविणारा न्यूटन निपजेल, अशी आशा त्याला नव्हती.

आता उसाकडे वळू. उभ्या उसाच्या कांड्यांवरील बहुतेक डोळे सुप्त असतात. तोच ऊस तोडून एक डोळ्याची टिपरी लावली की कोंब फुटतो, मुळे सुटतात आणि नवा ऊस उभा राहतो. असे का? शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा काढून त्या जागी ऑक्झिन लावले तरी खालचे डोळे दबलेलेच राहतात, हे थिमान आणि स्कूग यांनी १९३३ साली दुसऱ्या एका वनस्पतीवर दाखविले. म्हणजे संपूर्णाचा भागावरील अंमल खरा आहे. पण तो चालविणारा पदार्थ कुपीत भरता येतो. कांटचे निरीक्षण टिकले, त्याची निराशा मात्र बरीचशी दूर झाली.

म्हणून ‘शरीर हे यंत्र आहे’ असे शिकविताना त्या उपमेची मर्यादाही सांगावी, असे आम्हांला वाटते. वर्गात एक टिपरी कुंडीत लावावी आणि शेजारी जुन्या घड्याळाचे एक चाक ठेवावे. दोन-तीन आठवड्यांनी मुलांना फरक विचारावा. देकार्त आणि कांट यांची नावे नंतर सांगितली तरी चालतील.