ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ही टर्बोचार्जर बसवलेल्या पेट्रोल इंजिनातील दाबमुक्तीची झडप होय. ती टर्बोचार्जरचा काँप्रेसर आणि थ्रॉटल यांच्यामधील हवेच्या मार्गावर असते. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की नळीत कोंडलेल्या दाबयुक्त हवेला वाट करून देणे हे तिचे कार्य आहे. हवा बाहेर पडताना होणाऱ्या ‘फुस्स’ अशा आवाजामुळे ती मोटारींच्या हौशी मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे. केवळ या आवाजासाठी मूळ झडप आणि हवा आत घेणारी यंत्रणा बदलण्याचा प्रघात अनेक देशांत आढळतो. तिला डम्प व्हॉल्व्ह असेही म्हणतात. वेस्टगेट ही झडप यापेक्षा वेगळी आहे. ती टर्बाइनकडे जाणाऱ्या धुराचे प्रमाण नियंत्रित करते.

पार्श्वभूमी

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांना १९०५ साली टर्बोचार्जिंगच्या कल्पनेचे पेटंट मिळाले. विक्रीसाठी बनवलेल्या मोटारींत टर्बोचार्जर प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेत आला. ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या त्या गाड्या होत. १९७० च्या दशकात पोर्श ९११ टर्बो आणि साब ९९ टर्बो या गाड्यांनी हे तंत्र युरोपात रुजवले. पुढे जपानमधील निसान स्कायलाइन जीटी-आर, सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या गाड्यांभोवती सुटे भाग बदलण्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. २००१ मधील ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटानंतर अशा गाड्यांचे आकर्षण जगभर वाढले.

रचना व कार्य

टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून निघणारा धूर टर्बाइन फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा काँप्रेसर ताजी हवा दाबून इंजिनाकडे ढकलतो. त्याचा वेग मिनिटाला १ लाख फेऱ्यांहून अधिक असू शकतो. गिअर बदलताना थ्रॉटल बंद होतो. काँप्रेसर मात्र लगेच थांबत नाही. पुढचा मार्ग बंद झाल्याने हवा मागे फिरते आणि काँप्रेसरच्या पात्यांमधून उलट वाहते. या स्थितीला काँप्रेसर सर्ज म्हणतात. ती वारंवार आणि जास्त दाबाखाली उद्भवल्यास दांड्याचा रेटा सोसणाऱ्या बेअरिंगवर ताण येतो.

हे टाळण्यासाठी झडपेच्या आत स्प्रिंग आणि पिस्टन किंवा रबरी पडदा असतो. झडपेची वरची बाजू एका बारीक रबरी नळीने थ्रॉटलच्या पलीकडील इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. गाडी जोरात असताना दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच दाब असतो आणि स्प्रिंग झडप मिटलेली ठेवते. थ्रॉटल बंद होताच मॅनिफोल्डमध्ये निर्वात निर्माण होतो, पिस्टन वर खेचला जातो आणि हवा सुटते. अनेक नव्या गाड्यांत हेच काम विजेवर चालणारी झडप करते.

प्रकार

१. पुनर्वाही झडप: सुटलेली हवा पुन्हा काँप्रेसरच्या आधीच्या नळीत सोडते. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत हाच प्रकार असतो. आवाज अतिशय मंद येतो.

२. खुली झडप: हवा थेट वातावरणात सोडते. आवाज मोठा येतो.

३. मिश्र झडप: थोडी हवा आत व थोडी बाहेर सोडते.

आवाजासाठी केले जाणारे बदल

सर्वांत रूढ बदल म्हणजे पुनर्वाही झडपेच्या जागी खुली झडप बसवणे. दुसरा बदल एअर फिल्टरच्या डब्याचा. मूळ डबा आणि त्याला जोडलेला रेझोनेटर हवेचा आवाज शोषून घेतात. ते काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावल्यास काँप्रेसरची शीळ आणि पुनर्वाही झडपेचा आवाजही स्पष्ट ऐकू येतो. काही जण झडप पूर्णपणे बंद करून सर्जचा फडफडता आवाज मुद्दाम मिळवतात. यात झडपेचा मूळ उद्देशच नाहीसा होतो.

डिझेल इंजिनात शक्तीचे नियंत्रण मुख्यतः इंधनाच्या प्रमाणाने होत असल्याने अशा झडपेची सहसा गरज नसते. त्यांवर बसवल्या जाणाऱ्या विद्युत डम्प व्हॉल्व्हचा उपयोग आवाजापुरताच असतो.

परिणाम

आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, हा समज चुकीचा आहे. मूळ झडप सुस्थितीत आणि मूळ दाबाला पुरेशी असेल, तर ती बदलून शक्ती वाढत नाही.

ज्या इंजिनांत आत येणारी हवा एअर फ्लो सेन्सरने मोजली जाते, तेथे खुल्या झडपेमुळे मोजलेली हवा बाहेर निघून जाते. संगणक मात्र त्या हवेच्या हिशेबानेच इंधन सोडतो. त्यामुळे मिश्रणात क्षणभर इंधन जास्त होते. काळा धूर, झटके, इंजिन बंद पडणे अशी लक्षणे दिसतात आणि कालांतराने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हानी होऊ शकते. मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या इंजिनांत हा दोष कमी जाणवतो. स्प्रिंग मऊ असल्यास जागेवर चालू असलेल्या इंजिनात खुल्या झडपेतून न गाळलेली हवा आत शिरू शकते.

उघडा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असल्याने शक्ती घटण्याचाच संभव असतो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधील जादा तेल सेन्सरच्या तारेवर बसून मोजमाप बिघडवू शकते. हवेचे तोंड खाली बंपरजवळ नेल्यास पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी सिलिंडरमध्ये शिरण्याचा धोका असतो. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे ठरतील असे फेरबदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास कलम १९०(२) लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तसेच ३ महिने परवान्यासाठी अपात्रता अशी तरतूद आहे.

पेट्रोल वाहनांची पीयूसी तपासणी गाडी उभी ठेवून केली जाते. त्यामुळे गिअर बदलताना होणारे इंधनाचे जादा प्रमाण तीत दिसत नाही. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे बदल निर्दोष आहे असे ठरत नाही. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो.