तात्पर्य : एका शालेय संकेताचा इतिहास

मराठी शालेय पुस्तकांत ‘बोध’ ही कल्पना प्रथम कथेच्या द्वारे रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत नव्या शाळांसाठी पुस्तके सिद्ध होऊ लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ (१८२८) ही त्यांतील प्रमुख होत. इसापच्या कथाप्रकारात तात्पर्य हा रचनेचाच घटक असतो : पशुपक्ष्यांचे वर्तन ज्या न्यायाकडे झुकते तो अखेरीस वेगळा सांगितला जातो. पंचतंत्र-हितोपदेशाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा संकेत परका नव्हता.

प्रश्न उद्भवतो तो हाच संकेत भावकवितेला लावला गेल्यावर. बालकवींची (१८९०-१९१८) ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता अनेक पिढ्यांनी वर्गात अभ्यासली. झरा, गाव, पायवाट, डोह अशी दृश्ये क्रमाने दाखवीत ती एका वृक्षापाशी थांबते. मत म्हणून काहीच मांडत नाही. तिच्या अर्थाविषयी समीक्षकांत मतभेद झाले. परंतु ‘या कवितेतून कोणता बोध मिळतो?’ असे विचारले, की विद्यार्थ्याला निसर्गप्रेम, शांती वा वैराग्य यांपैकी एखादे नाम पुरवावे लागते आणि तो वाद सुरू होण्यापूर्वीच मिटतो.

कविता जीवनाविषयी काहीच शिकवीत नाही, असे येथे सुचवायचे नाही. अर्थ निश्चित होण्याआधी पाहत राहण्याची शिस्त ‘औदुंबर’ शिकविते. ती एका वाक्यात उतरत नाही, म्हणूनच उत्तरपत्रिकेत हरवते. तात्पर्य इसापकडे परत करणे, हा पाठ्यपुस्तकांच्या समीक्षेचा आरंभ ठरावा.