धोका औषधाचा की नळीचा?

ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांनी भुलीच्या वायूंची धास्ती घेण्याचे दिवस संपले, असे आता जाणकारही म्हणतात. हॅलोथेन मागे पडले, सेव्होफ्लुरेन आले. गर्भपाताचे भय घालणारे जुने अभ्यास कच्चे होते. मग काळजी कशाची?

यातला एक भाग मान्य करायलाच हवा. १९६७ साली सोव्हिएत रशियात वाइसमन यांनी स्त्री भूलतज्ज्ञांच्या ३१ गरोदरपणांपैकी १८ वेळा गर्भपात झाल्याचे नोंदवले. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, म्हणून तो पुरावा लंगडाच.

पण पुढचे पुरावे तसे नाहीत. कॅलिफोर्नियातील दंतवैद्यांकडच्या स्त्री सहायकांची पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. वापरलेला वायू ओढून बाहेर टाकणारी यंत्रणा नसताना आठवड्याला पाच तास किंवा जास्त नायट्रस ऑक्साइडजवळ काम करणाऱ्यांना दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या ४१ टक्केच होती. गर्भपाताबद्दलचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. यंत्रणा नसलेल्या ठिकाणी आठवड्याला तीन तास किंवा जास्त वायूजवळ काम केल्यास धोका अडीचपटीवर गेलेला, यंत्रणा असलेल्या ठिकाणी मात्र वाढ नाही. मेख इथेच आहे. सुरक्षितता औषधाने दिली नव्हती, वायू बाहेर नेणाऱ्या नळीने दिली होती. नळी जोडलेल्या थिएटरचा निर्वाळा नळी नसलेल्या थिएटरला कसा लागू होईल?

शिवाय सेव्होफ्लुरेन आले म्हणून नायट्रस गेलेला नाही, आणि तो शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. अमेरिकेतील 'नायॉश' संस्थेने १९७७ मध्ये त्याची मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत २५ भाग इतकी सुचवली. सेव्होफ्लुरेनसाठी तिने अशी मर्यादा आखलेलीच नाही. मर्यादा नाही याचा अर्थ निर्धोक, असा कुणी लावू नये.

"वास येत नाही, एसी चालू आहे," हे उत्तर तर फारच फसवे. हॅलोथेनचा वास बहुतेकांना जाणवतो तोवर त्याची सुचवलेली मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. भुलीच्या मशीनमधला सोडालाइम फक्त कार्बन डायऑक्साइड शोषतो. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर मास्क धरताना कडेने निसटणारा वायू पहिल्यांदा मास्क धरणाऱ्याच्या नाकात जातो. रिकव्हरीत पेशंट तोच वायू उच्छ्वासातून सोडत असतो, आणि उशाशी वाकलेली सिस्टर तो घेत असते. तिचा तर या चर्चेत कुणी उल्लेखही करत नाही.

भूलतज्ज्ञांना विनंती एवढीच: उद्या पहिली केस घेण्याआधी मशीनच्या मागे जा, वायू बाहेर पडण्याच्या तोटीला नळी जोडलेली आहे का आणि तिचे दुसरे टोक इमारतीबाहेर निघते का, ते स्वतः पाहा. निघत नसेल तर रुग्णालयाकडे लेखी मागणी करा.