दुष्काळाची तबकडी

वर्गणीचा डबा फिरविण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले. कारखान्याच्या दारात डबा धरून उभे राहिले म्हणजे माणूस कशासाठी खिशात हात घालतो आणि कशासाठी मान फिरवून निघून जातो, हे पुस्तकावाचून कळते. म्हणून, नामांकित गायकांना एकत्र करून दुष्काळनिधीसाठी गाणी ध्वनिमुद्रित करण्याचा जो प्रयोग १९८४-८५ साली झाला, त्याकडे आम्ही संगीत म्हणून न पाहता वर्गणी म्हणून पाहणार आहोत.

२३ ऑक्टोबर १९८४ रोजी इथिओपियातील कोरेमची छावणी बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर दिसली. निवेदन मायकेल बर्क यांचे, चित्रण केनियाच्या मोहम्मद अमीन यांचे. ते पाहून बॉब गेल्डॉफ हा आयरिश गायक हादरला. मिज यूर याच्या साहाय्याने त्याने गाणे रचले आणि २५ नोव्हेंबरला लंडनच्या एका स्टुडिओत ते मुद्रित झाले. स्टुडिओ चोवीस तास फुकट मिळाला; गायकांनी छदाम घेतला नाही. या मंडळींनी 'बँड एड' हे नाव धारण केले. ब्रिटनमध्येच तबकडीच्या तीस लाखांवर प्रती खपल्या.

थॅचरबाईंच्या सरकारने मात्र तबकडीवरील कर सोडण्यास प्रथम नकार दिला. उपाशी माणसाच्या घासातही सरकारचा वाटा! पुढे ओरड झाली, तेव्हा तेवढी रक्कम निधीला देण्यात आली.

अमेरिकेत हॅरी बेलाफॉन्टे यांच्या कल्पनेतून तसाच उद्योग झाला. २८ जानेवारी १९८५च्या रात्री चाळीसहून अधिक गायक जमले. गाणे मायकेल जॅक्सन आणि लायोनेल रिची यांचे. त्याने कोट्यवधी डॉलर जमविले.

याच हिवाळ्यात ब्रिटनचे खाणकामगार संपावर होते. मार्च १९८४ ते मार्च १९८५, तब्बल एक वर्ष! 'बँड एड'मध्ये गायिलेल्या पॉल वेलरने त्यांच्या कुटुंबांसाठीही सहकाऱ्यांसह डिसेंबरात एक तबकडी काढली. तिला दुष्काळाच्या तबकडीचा खप कोठून येणार? दूरच्या उपाशी पोरासाठी पैसा देताना कोणाशी वैर पत्करावे लागत नाही. शेजारच्या संपकऱ्याला देताना बाजू घ्यावी लागते.

परंतु इथिओपियाच्या भुकेला बाजू नव्हती काय? पाऊस चुकला होता, हे खरे. पण टिग्रे आणि एरिट्रियात युद्धही पेटले होते, आणि मेंगिस्टूची लष्करी राजवट बंडखोर मुलखाकडे धान्य जाऊ देत नव्हती. वोलो प्रांतातला दुष्काळ झाकला, हे सम्राट हैले सेलासी १९७४ साली पदच्युत होण्याचे एक कारण होते. त्यांना खाली खेचणाऱ्यांनीच सप्टेंबर १९८४मध्ये क्रांतीचा दहावा वाढदिवस थाटाने साजरा केला, तेव्हा त्याच वोलोत माणसे मरत होती. गाण्यात यातले काही नाही. 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' म्हणजे, नाताळ आल्याचे त्यांना ठाऊक आहे काय, अशी पृच्छा त्याच्या नावातच आहे. ज्या देशात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून नांदतो आणि नाताळ ७ जानेवारीला पाळला जातो, त्या देशाविषयी ही पृच्छा!

तथापि गेल्डॉफची आम्ही थट्टा करणार नाही. पैसा जमल्यावर तो स्वतः तिकडे गेला. असाब बंदरात धान्याचे ढीग पडून होते आणि ते आत न्यावयास मालमोटारी नव्हत्या. मग निधीतून जहाजे ठरविली, मालमोटारी घेतल्या. गोदीत काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. धान्य धक्क्यावर उतरले म्हणजे पोटात गेले असे नव्हे.

पण मालमोटारी कोठे जाव्यात, हे मेंगिस्टूचे अधिकारी ठरवू पाहत होते. राजवटीने उत्तरेतील सुमारे सहा लाख माणसे उचलून नैर्ऋत्येकडे नेली, अनेकांना जबरीने. वाटेत आणि वसाहतींत हजारो दगावली. फ्रान्सच्या डॉक्टरांच्या 'मेदसँ साँ फ्राँतिएर' या संस्थेने त्याविरुद्ध उघड तोंड उघडले. डिसेंबर १९८५मध्ये तिला देशाबाहेर घालविण्यात आले. इतर बहुतेक मदतसंस्था गप्प राहिल्या आणि काम करीत राहिल्या. त्याच नाताळाला लंडनच्या दुकानांत ती तबकडी पुन्हा विक्रीस आली होती.