‘साहाय्य’ नावाचा शब्द : सुलूच्या तहापासून मरावीपर्यंत

भाषांतराच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की, एक शब्द चुकला तर सगळी कविता बिघडते. एक शब्द चुकला, किंवा जाणूनबुजून चुकवला गेला, तर एखाद्या द्वीपसमूहाचे शतकभराचे भवितव्यही बिघडू शकते. पण त्याचे उदाहरण आपल्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही. असे एक उदाहरण फिलिपिन्सच्या दक्षिणेकडील सुलू बेटांनी दिले आहे. अबू सय्याफ या जिहादी गटाविरुद्ध अमेरिकेने २००२ पासून तेथे जी लष्करी मदत केली, तिच्याविषयी सामरिक अंगाने पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला तिच्याकडे भाषेच्या बाजूने पाहावेसे वाटते.

प्रथम थोडा भूगोल. मिंडानाव या मोठ्या बेटाच्या पश्चिम टोकाला झांबोआंगा हे शहर आहे. त्याच्यासमोर, अरुंद सामुद्रधुनीपलीकडे, बासिलान बेट. तेथून नैर्ऋत्येकडे होलो, तावी-तावी अशी बेटांची माळ थेट बोर्निओच्या किनाऱ्यापर्यंत जाते. ताउसुग, याकान, सामा हे येथले प्रमुख समाज. स्पॅनिश येण्यापूर्वीच येथे सुलूची सल्तनत नांदत होती. स्पॅनिशांनी आपल्या मायदेशातील ‘मूर’ मुसलमानांवरून या लोकांना ‘मोरो’ हे नाव दिले. ते हेटाळणीचे होते. पुढे १९७०च्या सुमारास तेथील बंडखोर तरुणांनी तेच नाव अभिमानाने स्वीकारले. शब्द हिसकावून घेण्याचाही एक इतिहास असतो.

डिसेंबर १८९८च्या पॅरिस तहाने स्पेनने फिलिपिन्स २ कोटी डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकेच्या हवाली केले. १८९९च्या फेब्रुवारीत उत्तरेत फिलिपिनो क्रांतिकारकांशी अमेरिकेचे युद्ध सुरू झाले. एकाच वेळी दुसरी आघाडी नको, म्हणून जनरल जॉन बेट्स यांना होलोला धाडण्यात आले. २० ऑगस्ट १८९९ रोजी सुलतान जमालुल किराम दुसरे यांच्याशी तह झाला. त्याच्या दोन प्रती होत्या, एक इंग्रजी आणि एक ताउसुग. इंग्रजी प्रतीच्या पहिल्याच कलमात संपूर्ण द्वीपसमूहावर अमेरिकेचे सार्वभौमत्व मान्य केलेले आहे. ताउसुग प्रतीतील त्याच कलमाचा आशय असा, की या बेटांना आधार, साहाय्य आणि संरक्षण देणे अमेरिकन राष्ट्राकडे राहील. ‘सार्वभौमत्व’ हा शब्दच तेथे नाही. सुलतानांनी सही केली ती मदतनिसाच्या करारावर. वॉशिंग्टनने वाचला तो मालकीचा दस्तऐवज. १८७८च्या स्पॅनिश तहातही असाच घोळ झालेला होता. तेव्हा ही केवळ एका दुभाष्याची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

उत्तरेतील युद्ध आटोक्यात आल्यावर, १९०४मध्ये, अमेरिकेने हा तह एकतर्फी रद्द केला. डोईपट्टी आली, थेट अंमल आला. त्याला विरोध करणारे शेकडो ताउसुग लोक बायकामुलांसह होलोजवळच्या बुद दाहो या ज्वालामुखीच्या विवरात जाऊन राहिले. मार्च १९०६मध्ये लेनर्ड वूड यांच्या सैन्याने त्या डोंगरावर हल्ला चढवला. मृतांचे अंदाज ६०० ते १०००च्या दरम्यान आहेत, आणि त्यांत स्त्रिया व मुले होती. खंदकातल्या प्रेतांच्या राशीपाशी उभ्या असलेल्या सैनिकांचे एक छायाचित्र त्या वेळी प्रसिद्ध झाले. ते आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावावे, म्हणजे विद्यार्थ्यांना विजयाच्या युद्धाचा अर्थ कळेल, असे डू बॉइस यांनी म्हटले होते. मार्क ट्वेन यांनी या घटनेवर अत्यंत कडवट मजकूर सांगून लिहवून घेतला. तो त्यांच्या हयातीत मात्र छापला गेला नाही.

१९४६मध्ये फिलिपिन्स स्वतंत्र झाले; परंतु मोरोंच्या दृष्टीने राज्यकर्ते तेवढे बदलले. उत्तरेतून आलेल्या वसाहतकऱ्यांमुळे मिंडानावात ते अल्पसंख्य होत गेले. १९६८मध्ये कोरेगिदोर बेटावर मोरो प्रशिक्षणार्थींची हत्या झाली, पाठोपाठ नूर मिसुआरी यांची मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडी उभी राहिली, आणि १९७४च्या लढाईत होलो शहर जळून गेले. या दीर्घ बंडाच्या कडेला, १९९१च्या सुमारास, अब्दुरजाक जंजालानी यांनी अबू सय्याफ गट स्थापन केला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोरोंची गाऱ्हाणी खरी होती, म्हणून या गटाची कृत्ये क्षम्य ठरत नाहीत. एप्रिल २०००मध्ये सिपादानहून २१ जणांचे आणि मे २००१मध्ये पालावानच्या एका विश्रामस्थळाहून २० जणांचे अपहरण, ओलिसांचे शिरच्छेद, फेब्रुवारी २००४मध्ये ‘सुपरफेरी १४’ या जहाजावरील स्फोटात ११६ जणांचा मृत्यू, ही त्यांची करणी. त्यांच्या हिंसेची झळ सर्वाधिक बसली ती फिलिपिनो सामान्य माणसांनाच, आणि त्यांत मुसलमानही होते.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २००२मध्ये अमेरिकन सैनिक पुन्हा झांबोआंगा आणि बासिलानला आले. फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेनुसार, सिनेटने मान्य केलेल्या करारावाचून परकीय फौजेला देशात राहता येत नाही. सिनेटने १९९१मध्ये अमेरिकन तळांचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला होता. तेव्हा आधार घेण्यात आला तो १९९९मध्ये मंजूर झालेल्या अभ्यागत सैन्य कराराचा, आणि मोहिमेला ‘बालिकातान’ या संयुक्त सरावाचे नाव मिळाले. तागालोगमध्ये ‘बालिकात’ म्हणजे खांदा. ‘बालिकातान’ म्हणजे आपल्या भाषेत खांद्याला खांदा लावून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सैन्याने कोणती ‘कार्ये’ करावीत, हा मुद्दा होता. करारातील हा शब्द वाटाघाटींत मोकळीक राहावी म्हणून हेतुतःच संदिग्ध ठेवला असावा, असे निरीक्षण एप्रिल २००२च्या निकालात आहे. न्यायालयाने याचिका फेटाळली. पण अमेरिकन सैन्याला फिलिपिन्सच्या भूमीवर आक्रमक युद्ध करता येणार नाही, हेही बजावले. १८९९च्या तहात दोन भाषांमध्ये दोन अर्थ होते; येथे एकाच शब्दात दोन्ही अर्थ मावले.

प्रत्यक्षात बासिलानमध्ये काय घडले? प्रशिक्षण, टेहळणी आणि सल्ला यांच्या जोडीला रस्ते, विहिरी, वैद्यकीय शिबिरे ही कामे झाली, आणि लढाई पुष्कळ अंशी फिलिपिनो सैन्याच्या हाती राहिली. जून २००२मध्ये ओलिसांच्या सुटकेच्या मोहिमेत एक अमेरिकन मिशनरी आणि एक फिलिपिनो परिचारिका प्राणांस मुकली. मात्र गटाचे नेते एकेक करून मारले गेले. फिलिपिन्स लष्कराच्याच अंदाजानुसार हजाराहून अधिक असलेले बंडखोर पुढील दशकात काहीशेवर आले. बासिलानच्या लोकांना रस्ता हवाच होता. तो परकीयांनी बांधला म्हणून कोणी नाकारला नाही. मदतीचा शब्द आणि मदतीची कृती जेथे जुळली, तेथे तिला काही यश आले, असे आम्हांला वाटते.

होलोमध्ये तसे झाले नाही. फेब्रुवारी २००३मध्ये अमेरिकन सैन्य तेथे प्रत्यक्ष लढाईत उतरणार अशी बातमी आली, आणि बेटावर आठवण निघाली ती १९०६ची. मनिलातही घटनेचा प्रश्न उठला. बेत बारगळला. वॉशिंग्टनच्या दृष्टीने शंभर वर्षांपूर्वीची ती चकमक विस्मृतीत गेली होती. होलोच्या दृष्टीने ती आजोबा-पणजोबांची गोष्ट होती.

ही विशेष मोहीम २०१५मध्ये संपली. २०१६च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी बुद दाहोचे तेच छायाचित्र जाहीरपणे दाखवले आणि अमेरिकन विशेष दलांनी मिंडानाव सोडावे असे सांगितले. त्यांचा हेतू इतिहासप्रेमाचा होता असे मानण्याचे कारण नाही. आपल्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतील हत्यांवर होणाऱ्या टीकेला ते उत्तर होते. आणि वर्षभराच्या आतच, मे २०१७मध्ये, इस्निलोन हापिलोन याच्या व मौते गटाच्या बंडखोरांनी मरावी शहर ताब्यात घेतले, तेव्हा अमेरिकेची टेहळणी विमाने पुन्हा आकाशात होती. पाच महिन्यांत हजाराहून अधिक माणसे मेली, लाखो विस्थापित झाली आणि शहराचा मध्यभाग भुईसपाट झाला.

याच काळात या प्रदेशात परकीय साहाय्याचा दुसराही एक प्रकार चालू होता. मलेशियाच्या मध्यस्थीने मोरो इस्लामी मुक्ती आघाडीशी वाटाघाटी झाल्या. मलेशिया, ब्रुनेई, लिबिया यांचे निरीक्षक २००४पासून शस्त्रसंधीवर लक्ष ठेवीत होते. २०१४चा करार आणि २०१९मधील बांगसामोरो स्वायत्त प्रदेश ही त्याची फळे. परंतु सुलूने सार्वमतात ‘नाही’ म्हटले होते, आणि सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रांताला या स्वायत्त प्रदेशातून वगळले. १८९९मध्ये सुलूच्या सहीचा अर्थ दुसऱ्यांनी लावला होता. या वेळी तिच्या नकाराचा अर्थ तिला अभिप्रेत होता तोच लावला गेला, एवढे तरी नोंदवले पाहिजे.

डू बॉइस यांच्या सूचनेप्रमाणे ते छायाचित्र भिंतीवर लावण्याचे धैर्य आम्हांला होईल की नाही, ठाऊक नाही. तहाचे ते पहिले कलम मात्र दोन्ही पाठांत फळ्यावर लिहावे, आणि ‘साहाय्य’ कोणत्या ओळीत संपते व ‘सत्ता’ कोणत्या ओळीत सुरू होते, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे, असा आमचा विचार आहे.