रायपुरातील आपले पूर्वज

या प्रांतातील आम्हां मराठी मंडळींचा आरंभ तलवारीने झाला, हे मान्य केले पाहिजे. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांनी रतनपूर घेतले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहूनच राज्य करीत. १७८७ मध्ये ते निवर्तले आणि पुढे नागपूरचे सुभेदार आले. त्यांचे लक्ष वसुलीवर! त्या अमदानीचा अभिमान आम्हांस वाटत नाही.

१८१८ नंतर कारभाराचे ठाणे रायपुरास आले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. सत्ता गेली, माणसे राहिली. १९०० साली माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढले. प्रकाशक रायपूरचे वामनराव लाखे. मासिक मात्र हिंदी! ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ही सप्र्यांनीच हिंदीत नेले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांनी देह ठेवला.